परवानगी न मागणारा कॅमेरा

खरी कॉर्नरवरून जाता-येता कॅमेऱ्याचा मानस्तंभ कोल्हापूरकरांना रोज दिसतो. विलायती कॅमेरा परवडत नव्हता म्हणून बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव यांनी तो घरीच घडवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. पुढे विष्णुपंत दामल्यांच्या साथीनं १९१८ च्या सुमारास कॅमेरा तयार झाला. कंपनीच्या उभारणीला तानीबाई कागलकर या गायिकेनं पैसा पुरवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. त्यातल्या कीचकवधाच्या दृश्याला सरकारनं हरकत घेतली, हेही जुन्या मंडळींच्या ऐकण्यात असेल.

या हकिकतीत सिनेमाच्या वाटेवरच्या दोन अडचणी आल्या, पैसा आणि सरकारची परवानगी. तिसरी अडचण सहसा कोणी बोलून दाखवत नाही, ती म्हणजे लॅब. फिल्म धुवायला दुसऱ्याच्या हाती द्यावी लागे. आपण काय टिपलं, ते आपल्या आधी परका माणूस बघे. पौराणिक चित्रपट काढणाऱ्याला त्याची काय फिकीर? पण ज्याचं प्रेमच कायद्यानं गुन्हा ठरवलं होतं, त्यानं काय करायचं?

समलिंगी, तृतीयपंथी आणि स्त्री-पुरुषाच्या नेहमीच्या चौकटीत न बसणाऱ्या सगळ्यांना मिळून हल्ली ‘क्विअर’ म्हणतात. इंग्रजांनी १८६० मध्ये केलेल्या दंडसंहितेतलं ३७७ वं कलम आपल्याकडे दीडशे वर्षांहून अधिक काळ या माणसांच्या मानेवर होतं. परदेशातही कायदे काही सौम्य नव्हते. म्हणून या मंडळींच्या सिनेमाचा इतिहास हा बराचसा स्वस्त कॅमेऱ्यांचा इतिहास आहे.

केनेथ अँगर या अमेरिकन तरुणानं १९४७ मध्ये ‘फायरवर्क्स’ हा छोटा चित्रपट १६ मिलिमीटरच्या फिल्मवर घरातच काढला. आईवडील बाहेरगावी होते तेवढ्यात उरकला, असं तो सांगे. पुढे तो दाखवणाऱ्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९६५ मध्ये कोडॅक कंपनीनं ‘सुपर एट’ ही आणखी स्वस्त फिल्म बाजारात आणली. हौशी लोक तिच्यावर मुलांचे वाढदिवस टिपत. इंग्लंडच्या डेरेक जार्मननं त्याच फिल्मवर कविता टिपली. १९८५ च्या त्याच्या ‘द अँजेलिक कॉन्व्हर्सेशन’मध्ये दोन तरुण दिसतात आणि जुडी डेंच यांच्या आवाजात शेक्सपिअरची सुनीतं ऐकू येतात. त्याच दशकात अमेरिकेत मुलांसाठी एक खेळण्यातला कॅमेरा निघाला. गाणी ऐकायच्या साध्या कॅसेटवर तो काळंपांढरं, धूसर चित्र उमटवी. सॅडी बेनिंग यांना पंधराव्या वर्षी वडिलांनी तो भेट दिला. त्यांनी खोलीचं दार लावून स्वतःचंच मन त्याच्यापुढे उघडं केलं. त्या चित्रफिती पुढे मोठमोठ्या कलासंग्रहालयांत दाखवल्या गेल्या.

या चित्रपटांत कविता वारंवार का येते? त्याचं एक कारण खिशात आहे. सुपर एटचं एक रीळ जेमतेम तीन मिनिटं वीस सेकंद चाले, आणि बहुतेकदा मुकं असे. त्यावर नंतर आवाज चढवायचा. तेवढ्यात कथा मावत नाही, कविता मावते. दुसरं कारण कवितेच्या स्वभावात आहे. उर्दू गझलेत प्रियपात्राचा उल्लेख पुल्लिंगी होतो आणि ‘तो कोण?’ असं कोणी दरडावून विचारत नाही. आपल्या संतांनी विरहिणीच्या आवाजात विराण्या लिहिल्या. त्यांचा अर्थ वेगळा आहे, हे खरंच. पण बोलणाऱ्याचा देह न तपासता आवाज ऐकायची सवय कवितेनं आपल्याला लावली आहे.

आपल्याकडेही सुरुवात कवितेनंच झाली. पुणे विद्यापीठात इंग्रजी शिकवणारे आर. राज राव यांच्या सहा कवितांवर रियाद वाडिया यांनी जंगू सेठना यांच्यासह १९९६ मध्ये ‘बॉमगे’ हा बारा मिनिटांचा लघुपट केला. ‘हंटरवाली’ काढणाऱ्या वाडिया मूव्हीटोनच्या जे. बी. एच. वाडियांचे हे नातू. नावात ‘बॉम्बे’ही आहे आणि ‘गे’ही. सेन्सॉरच्या दारातून तो पार होणं शक्यच नव्हतं. तो परदेशी महोत्सवांत गेला, इथं खासगी बैठकींतून पाहिला गेला. श्रीधर रंगायन यांच्या ‘गुलाबी आईना’ला तर २००३ मध्ये सेन्सॉरनं प्रमाणपत्रच नाकारलं.

तोवर व्हिडिओ कॅमेरा आला होता. त्याच्या फितीला लॅब लागत नाही, टिपलेलं घरच्या टीव्हीवर बघता येतं. आपल्याकडे त्यानं लग्नाचं शूटिंग घरोघर नेलं. अमेरिकेत हार्वर्डला शिकणाऱ्या दिल्लीच्या निशित सरन या मुलानं, आई पदवीदानासाठी आली असताना, ‘मी समलिंगी आहे’ हे तिला असाच कॅमेरा चालू ठेवून सांगितलं. तो अनुबोधपट, ‘समर इन माय व्हेन्स’, १९९९ चा. २००२ मध्ये पंचविशीतला निशित अपघातात गेला. पुढे ३७७ कलमाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा मुलांच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या पालकांत मिन्ना सरन, निशितच्या आई, होत्या. ६ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायालयानं सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. एका आईचं समजून घेणं घरगुती फितीवर टिपलं गेलं आणि तेच पुढे न्यायालयापर्यंत बोललं.

रियाद वाडियाही २००३ मध्ये, छत्तिशीत गेले. चित्रपट करणारे अकाली गेले की त्यांच्या फिती कोण सांभाळतं? स्वस्त वस्तू टिकाऊ नसते. फितीला बुरशी येते, ती चालवणारी यंत्रं बाजारातून जातात, आणि घरच्यांना लाज वाटली तर त्या माळ्यावरून थेट रद्दीत जातात. मूकपटांच्या बाबतीत हे दुःख कोल्हापूरनं भोगलं आहे. ‘सैरंध्री’ आज उपलब्ध नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या बहुतेक चित्रपटांची हीच गत झाली. ते तर देवादिकांचे, राजेरजवाड्यांचे आणि गावानं डोक्यावर घेतलेले चित्रपट होते. मग जे चोरून काढले आणि चोरून पाहिले, त्यांचं काय होणार?

आज मोबाइलमुळे कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. चित्र टिपायला कोणाची परवानगी लागत नाही. पण टिपलेलं जपायला आपलं म्हणणारं माणूस लागतं. आपल्या पावसात ओल कपाटापर्यंत पोचते. तुमच्या घरी कोणा भावाच्या, आत्याच्या, एकट्या राहिलेल्या काकांच्या जुन्या फिती असतील, तर त्या टाकून देण्याआधी एकदा कोरड्या जागी काढून ठेवा. त्यांत काय आहे, हे बघायचं धाडस आज झालं नाही, तर उद्या कोणाला तरी होईल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)