ठेव विमा, भारतातील

एखादी बँक बुडाल्यास अथवा तिचे व्यवहार थांबविण्यात आल्यास तिच्या ठेवीदारांना विशिष्ट मर्यादेपर्यंत त्यांची रक्कम परत मिळण्याची वैधानिक हमी म्हणजे ठेव विमा होय. भारतात ही व्यवस्था १ जानेवारी १९६२ पासून अंमलात आली. बँकांवरील शासकीय नियंत्रण व ठेवीदारांचे संरक्षण ही दोन उद्दिष्टे परस्परांशी निगडित असली, तरी ती एकरूप नाहीत. बँकेच्या कारभाराला शिस्त लावणारे कायदे आधी झाले. ठेवीदाराला स्वतःचा असा हक्क त्यानंतर आणि टप्प्याटप्प्याने मिळाला.

पार्श्वभूमी : स्वदेशी चळवळीच्या काळात, विशेषतः १९०६ नंतर, भारतीय भांडवलावर अनेक बँका स्थापन झाल्या. त्यांपैकी पुष्कळांचे भागभांडवल तुटपुंजे होते व त्यांच्यावर देखरेख ठेवणारी मध्यवर्ती यंत्रणा नव्हती. १९१३ मध्ये लाहोरची पीपल्स बँक ऑफ इंडिया बंद पडली. त्याच वर्षी चांदीच्या सट्ट्यात गुंतलेली मुंबईची इंडियन स्पेसी बँकही कोसळली. १९३५ मध्ये रिझर्व्ह बँकेची स्थापना झाली आणि १९३६ मध्ये कंपनी कायद्यात बँकिंग कंपन्यांसाठी काही खास तरतुदी करण्यात आल्या. तथापि त्या अपुऱ्या होत्या. १९३८ मध्ये त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक बुडाली, तेव्हा ही उणीव ठळकपणे पुढे आली.

नियंत्रणाचा कायदा : १६ मार्च १९४९ रोजी बँकिंग कंपनी अधिनियम अंमलात आला. त्यान्वये बँकांना परवाना देणे, त्यांची तपासणी करणे आणि त्यांच्याकडील रोकडसुलभ मत्तेचे प्रमाण ठरविणे इ. अधिकार रिझर्व्ह बँकेस मिळाले. बंगालमधील बँकिंग संकटानंतर १९४८ मध्ये ठेवींच्या विम्याचा विचार प्रथम पुढे आला होता. परंतु बँकांच्या तपासणीची समाधानकारक व्यवस्था होईपर्यंत तो बाजूस ठेवण्यात आला. ज्या बँकांची खरी स्थिती ठाऊक नाही, त्यांच्या ठेवींची हमी घेणे धोक्याचे ठरेल, अशी त्यामागील भूमिका होती. १९५० मध्ये ग्रामीण बँकिंग चौकशी समितीनेही विम्याच्या कल्पनेस पाठिंबा दिला. पण प्रत्यक्ष कृती झाली नाही.

१९६० चे संकट : या वर्षी अकोल्याची लक्ष्मी बँक व केरळमधील पलाई सेंट्रल बँक या दोन बँका बुडाल्या. पलाई बँक रिझर्व्ह बँकेच्या अर्जावरून, उच्च न्यायालयाच्या आदेशाने ८ ऑगस्ट रोजी बंद करण्यात आली. तिचे पडसाद इतर बँकांवर उमटले व धास्तावलेल्या ठेवीदारांनी आपल्या ठेवी काढून घेण्यास सुरुवात केली. तपासणीमुळे बँकेतील दोष उघडकीस येतो. परंतु बँक बंद झाल्यावर ठेवीदाराच्या हाती काय पडेल, या प्रश्नाचे उत्तर तीतून मिळत नाही, हे या घटनेने स्पष्ट झाले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून दुर्बल बँकांच्या सक्तीच्या विलीनीकरणाची तरतूद करण्यात आली आणि १९६१ मध्ये ठेव विमा निगम अधिनियम संमत झाला.

स्वरूप व विस्तार : प्रारंभी २८७ बँका विमाकृत होत्या, विलीनीकरणामुळे ही संख्या १९६७ अखेर १०० पर्यंत घटली. विम्याचा हप्ता बँकेनेच भरावयाचा असतो. त्याचा भार ठेवीदारावर टाकता येत नाही. प्रत्येक ठेवीदारामागे आरंभीची मर्यादा १,५०० रु. होती. ती १९६८ मध्ये ५,००० रु., १९७० मध्ये १०,००० रु., १९७६ मध्ये २०,००० रु., १९८० मध्ये ३०,००० रु. व १९९३ मध्ये १ लाख रु. झाली. त्यानंतर जवळजवळ २७ वर्षे तीत बदल झाला नाही. त्यामुळे वाढत्या किंमतींच्या मानाने संरक्षणाचे खरे मूल्य घटत गेले. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख रु. करण्यात आली. या रकमेत मुद्दल व व्याज या दोहोंचा समावेश होतो आणि एकाच बँकेच्या निरनिराळ्या शाखांतील, एकाच नात्याने ठेवलेल्या ठेवी एकत्र धरल्या जातात. १५ जुलै १९७८ रोजी पतहमी निगमाशी एकीकरण होऊन ठेव विमा व पतहमी निगम अस्तित्वात आला.

सहकारी बँका : १९६६ पासून सहकारी बँका बँकिंग विनियमन अधिनियमाच्या कक्षेत आल्या व १९६८ च्या दुरुस्तीने त्यांना विम्याचे दार उघडले. सहकार हा राज्यांचा विषय असल्याने, रिझर्व्ह बँकेच्या मागणीवरून बँकेचे समापन करण्याची तरतूद राज्याने आपल्या सहकारी कायद्यात करणे, ही त्यासाठी अट होती. सहकारी पतसंस्था मात्र या विम्याच्या बाहेर आहेत. ‘बँक’ व ‘पतसंस्था’ यांतील हा भेद ठेवीदाराच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा ठरतो.

विलंबाचा प्रश्न : मूळ व्यवस्थेत बँकेचे समापन अथवा विलीनीकरण झाल्यावरच विम्याची रक्कम देय होत असे. बँकेवर केवळ निर्बंध घातले गेल्यास ठेवीदारास स्वतःचे पैसे काढता येत नसत आणि विमाही मिळत नसे. २३ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा प्रारंभी प्रत्येक खात्यातून केवळ १,००० रु. काढण्याची मुभा होती. त्यामुळे कायद्यातील ही पोकळी सर्वांच्या नजरेस आली. २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध लागू झाल्यापासून साधारणतः ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद करण्यात आली. बँकेच्या पुनर्रचनेसाठी आवश्यक वाटल्यास ही मुदत आणखी ९० दिवसांपर्यंत वाढविता येते.

मूल्यमापन : ठेव विम्यामुळे लहान ठेवीदाराची भीती कमी होते व एका बँकेचे संकट इतर बँकांवर पसरण्यास काही प्रमाणात आळा बसतो. मात्र मर्यादेपलीकडील रक्कम समापनातील वसुलीवरच अवलंबून राहते. शिवाय हमीमुळे बँकेचे व्यवस्थापन बेफिकीर होण्याचा संभव असल्याने हा विमा दक्ष तपासणीची जागा घेऊ शकत नाही. भारतातील अनुभव असा की, संरक्षणाचे महत्त्वाचे टप्पे बहुधा बँका बुडाल्यानंतर गाठले गेले. त्यांची किंमत त्या त्या वेळच्या ठेवीदारांनी मोजली.