दंतसरळीकरण : दर्जा व सुरक्षितता

वेड्यावाकड्या दातांवर दीर्घकाळ सौम्य दाब देऊन ते योग्य जागी आणणाऱ्या दंतवैद्यक शाखेचे, म्हणजे ऑर्थोडॉन्टिक्सचे, नियमन. एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये दंतवक्रतेचे वर्गीकरण मांडले. भारतात मात्र दात कोणी हाताळावेत, हाच प्रश्न आधी सोडवावा लागला. मुंबईत १९३३ मध्ये नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय निघाले. तरी देशव्यापी कायदा नव्हता. १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमाने नोंदणी सक्तीची केली. नोंदवहीच्या ‘अ’ भागात मान्य अर्हता असलेले, तर ‘ब’ भागात निदान पाच वर्षे याच व्यवसायावर उपजीविका केलेले, अर्हता नसलेले व्यावसायिक आले. ही तडजोड त्या काळी अपरिहार्य होती; पण रुग्णाला दोहोंतील भेद ओळखणे अवघडच होते.

दात सरळ करताना हा भेद जाणवतो. उपचार दीड-दोन वर्षे चालतो. दाब अधिक झाल्यास दातांची मुळे झिजतात आणि ही हानी क्ष-किरण चित्राशिवाय दिसत नाही. तज्ञांची भारतीय ऑर्थोडॉन्टिक सोसायटी १९६५ मध्ये स्थापन झाली. व्यवसायनीतीचे नियम १९७६ मध्ये आले व २०१४ मध्ये सुधारण्यात आले. क्ष-किरण यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते. निर्जंतुकीकरणाची भिस्त मात्र बव्हंशी चिकित्सालयाच्या शिस्तीवर असते. तार वाकविण्याच्या साध्या पोलादी पकडी वाफेत गंजतात, म्हणून त्या औषधी द्रावणात थोडा वेळ बुडवून भागविण्याचा मोह होतो. त्याने जंतूंचे बीजाणू मरत नाहीत. १९४८ च्या अधिनियमाची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग अधिनियम संमत झाला.