अग्निशामकांच्या स्मरणार्थ ध्वज अर्ध्यावर (अमेरिका)

कर्तव्य बजावताना मृत्यू पावलेल्या अग्निशामकांच्या सन्मानार्थ राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरवण्याची अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील प्रथा. वर्षातून एकदा, राष्ट्रीय स्मृतिसोहळ्याच्या दिवशी, संघराज्याच्या सर्व कार्यालयांवरील ध्वज कायद्यानुसार अर्ध्यावर येतो. एखाद्या घटनेत अग्निशामक दगावला, तर त्या राज्याचा गव्हर्नर स्वतंत्र आदेश काढतो. या दोहोंहून जुनी रीत आहे ती अग्निशमन केंद्रांची. सहकारी गेल्याची खबर आली की कोणाच्या आदेशाची वाट न पाहता दलाचे लोक आपल्या दारातला ध्वज स्वतःच उतरवत आले आहेत.

ध्वज थेट अर्ध्यावर चढवत नाहीत. सकाळी तो आधी झपाट्याने स्तंभाच्या टोकापर्यंत नेतात, क्षणभर तिथे ठेवतात आणि मगच सावकाश मध्यावर आणतात. संध्याकाळी उतरवतानाही तो पुन्हा टोकाला जातो आणि नंतर खाली येतो. मध्य म्हणजे स्तंभाचे टोक आणि तळ यांमधले निम्मे अंतर. ध्वजाला आधी त्याची पूर्ण उंची द्यायची आणि मग शोकासाठी ती कमी करायची, असा या कृतीचा क्रम आहे. भारतातही हाच नियम पाळला जातो.

एकोणिसाव्या शतकात आगीची वर्दी तारयंत्राने जाऊ लागली. शहरभर अशी व्यवस्था उभारणारे पहिले शहर बोस्टन, वर्ष 1852. रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या पेटीतला दांडा ओढला की तारेतून ठरावीक संख्येचे ठोके केंद्रातल्या घंटेवर पडत. जवान ते मोजत आणि कोणत्या पेटीवरून वर्दी आली ते ओळखून गाडी बाहेर काढत. याच घंटेवर इतर आज्ञाही येत. न्यूयॉर्कमध्ये पाच ठोके, जरा विश्रांती, पुन्हा पाच, असे चार वेळा वाजले की त्याचा अर्थ ठरलेला असे: आपल्यातला एक कामावर असताना गेला, ध्वज अर्ध्यावर घ्या. मृत्यूची बातमी आणि ध्वजाची आज्ञा एकाच संकेतात येत असल्यामुळे शहरभरातल्या केंद्रांवर ध्वज जवळपास एकाच वेळी खाली येत. पुढे टेलिफोन आणि रेडिओ आले, वर्दी देण्याचे तारयंत्राचे काम मागे पडले, पण न्यूयॉर्कच्या दलात हा ‘चार पंचकांचा’ संकेत अजून मानाने जपला जातो. इतर अनेक दलांच्या अंत्यविधीत पाच ठोके तीन वेळा देतात. राष्ट्रीय कायदा झाला तो या रिवाजानंतर कितीतरी वर्षांनी. म्हणून या प्रथेचे श्रेय वॉशिंग्टनपेक्षा फायर स्टेशनांना द्यायला हवे.

संघराज्याची ध्वजसंहिता 1942 सालची. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी 1 मार्च 1954 रोजी काढलेल्या घोषणेने शोककाळाची मुदत पदानुसार ठरवली: आजी-माजी राष्ट्राध्यक्षांसाठी 30 दिवस, उपराष्ट्राध्यक्षांसाठी 10 दिवस, आणि याच उतरत्या क्रमाने पुढे. ही सारी मोठ्या पदांची यादी होती. त्यात अग्निशामकाला जागा नव्हती. पोलिसांसाठी 15 मे या स्मृतिदिनी ध्वज अर्ध्यावर आणण्याची तरतूद 1994 च्या कायद्याने झाली. अग्निशामकांसाठीचा संयुक्त ठराव प्रतिनिधिगृहात 2001 साली मांडला गेला, तोही 11 सप्टेंबरच्या हल्ल्यांपूर्वी. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे 343 लोक जागतिक व्यापार केंद्रात मृत्यू पावले, आणि 16 ऑक्टोबर 2001 रोजी ठरावाला कायद्याचे रूप आले. हा कायदा 11 सप्टेंबरमुळे जन्माला आला, अशी समज सहज होऊ शकते. पण मूळ मागणी आधीची होती. वर्षभरात देशाच्या कानाकोपऱ्यांत एकेकटे मरणाऱ्या जवानांसाठी ती केलेली होती, हे विसरता कामा नये.

कायद्यात उल्लेखिलेला स्मृतिसोहळा मेरिलँड राज्यातील एमिट्सबर्ग या छोट्या गावी होतो. तिथल्या जुन्या सेंट जोसेफ कॉलेजच्या आवारात आता राष्ट्रीय अग्निशमन प्रबोधिनी आहे. दगडी चौथरा, त्यावर अग्निशमन सेवेचे पारंपरिक चिन्ह असलेला माल्टीज क्रॉस आणि पायथ्याशी अखंड ज्योत, असे स्मारक तिथे 1981 मध्ये उभे राहिले. भोवती वर्षवार नावांचे फलक आहेत. काँग्रेसने 1990 मध्ये त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला आणि 1992 मध्ये सोहळ्याची व कुटुंबांची काळजी घेणारे प्रतिष्ठान स्थापले. सोहळ्यात प्रत्येक नाव मोठ्याने वाचले जाते आणि कुटुंबाला वॉशिंग्टनच्या संसद भवनावर फडकवलेला ध्वज व गुलाबाचे फूल दिले जाते. 7 ऑक्टोबर 2001 च्या सोहळ्याला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश हजर होते. त्याच दुपारी त्यांनी अफगाणिस्तानवरील हल्ल्यांची घोषणा केली. हा सोहळा पूर्वी ऑक्टोबरच्या आरंभी, 1871 च्या शिकागोतील महाभयंकर आगीच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या आगप्रतिबंधक सप्ताहाच्या सुमारास होई. अलीकडे तो मे महिन्याच्या आरंभी होतो.

राज्यांच्या पातळीवर कायदा आणखी मागे राहिला. गव्हर्नर अग्निशामकांसाठी असे आदेश काढत, पण ध्वजसंहितेत त्याला स्पष्ट आधार नव्हता. 2018 च्या दुरुस्तीने कर्तव्यावर मृत्यू पावलेल्या अग्निशामक, पोलीस आदींसाठी ध्वज उतरवण्याचा अधिकार गव्हर्नरांना नेमकेपणाने मिळाला. या कायद्यांच्या व्याख्येत पगारी आणि बिनपगारी असा भेद नाही. ही बाब फार महत्त्वाची आहे, कारण अमेरिकेतले बहुसंख्य अग्निशामक स्वयंसेवक आहेत: दिवसा दुकान, शेती किंवा नोकरी सांभाळणारे आणि वर्दी आली की गाडीवर चढणारे.

‘कर्तव्यावर मृत्यू’ कशाला म्हणायचे, हा या विषयातला खरा वादाचा मुद्दा. ज्वाळांत किंवा कोसळलेल्या छताखाली आलेले मरण सर्वांना दिसते. प्रत्यक्षात अमेरिकेत कामावरच्या अग्निशामकांचे सर्वाधिक मृत्यू हृदयविकाराने होतात. अंगावर जड पोशाख, पाठीवर हवेचे नळकांडे, भोवती प्रचंड उष्णता आणि झोपेतून उठून काही मिनिटांत सुरू झालेले कष्ट यांचा ताण हृदयावर पडतो, आणि कित्येकदा माणूस आग विझवून परतल्यावर कोसळतो. कामाच्या ताणानंतर 24 तासांत असा झटका आला तर तो मृत्यू कर्तव्यावरचाच समजावा, ही तरतूद संघराज्याने 2003 मध्ये केली. अनेक वर्षांनंतर उद्भवणारा कर्करोग याहून अवघड. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये अग्निशामकाचे काम हेच कर्करोगकारक ठरवले. व्यापार केंद्राच्या ढिगाऱ्यातल्या धुळीमुळे जडलेल्या आजारांनी दगावलेल्या न्यूयॉर्कच्या जवानांची संख्या सप्टेंबर 2023 पर्यंत 343 झाली, म्हणजे हल्ल्याच्या दिवशी गेलेल्यांइतकीच. पहिल्या 343 जणांसाठी साऱ्या देशाचा ध्वज खाली आला होता. दुसरे 343 जण एकेक करून, रुग्णालयांत आणि घरांत गेले.

30 जून 2013 रोजी ॲरिझोनातील यार्नेल हिल येथे वणवा विझवताना प्रेस्कट शहराच्या ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉट्स पथकातील 19 जण वादळी वाऱ्याने दिशा बदललेल्या आगीत सापडून मृत्युमुखी पडले. टेहळणीसाठी वेगळ्या ठिकाणी असलेला विसावा सदस्य वाचला. गव्हर्नर जॅन ब्रूअर यांनी राज्यभर ध्वज अर्ध्यावर ठेवण्याचा आदेश काढला, आणि तो 19 जणांसाठी सारखाच होता. शहराच्या दफ्तरी मात्र त्यांतले सहा जण कायम आणि तेरा हंगामी होते. कायम असलेल्यांच्या कुटुंबांना मिळणारे आजीवन वेतन आणि आरोग्यविमा हंगामी जवानांच्या कुटुंबांना नाकारण्यात आले. त्यांतल्या एका कुटुंबाला पुढे निवृत्तिवेतन मंडळापुढे लढून आपला हक्क मिळवावा लागला. ध्वजाने दिलेली समानता हिशेबाच्या वहीतही उतरली पाहिजे, ही मागणी तेव्हापासून ठळकपणे पुढे आली आणि ती रास्त आहे.

भारतात अग्निशामकांसाठी राष्ट्रध्वज अर्ध्यावर आणण्याची वार्षिक प्रथा नाही. 2002 च्या भारतीय ध्वजसंहितेनुसार ध्वज ठरावीक उच्चपदस्थांच्या निधनानंतर किंवा सरकारच्या खास सूचनेवरूनच अर्ध्यावर येतो. शासकीय इतमामातील अंत्यसंस्कारात तो पार्थिवावर पांघरतात आणि चिता पेटण्यापूर्वी काढून घेतात. देशाचा अग्निशमन सेवा दिन 14 एप्रिल हा आहे, आणि तो मुंबईमुळे आला. 1944 साली त्या दिवशी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापसाच्या गाठींना आग लागली. त्याच जहाजात शेकडो टन स्फोटके होती. दुपारी चारनंतर झालेल्या दोन स्फोटांत आगीशी झुंजणारे मुंबई अग्निशमन दलाचे 66 जण गेले. भायखळ्याच्या मुख्यालयात दरवर्षी त्यांना मानवंदना दिली जाते. मे 2015 मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीच्या आगीने याच दलाचे चार अधिकारी नेले. दोघे त्याच दिवशी ढिगाऱ्याखाली सापडून गेले. भाजलेल्या अवस्थेत बाहेर काढलेले दोघे पुढच्या सुमारे दोन आठवड्यांत रुग्णालयात गेले, आणि त्यांत दलाचे प्रमुखही होते.