लेखनक्षम डीव्हीडी

लेखनक्षम डीव्हीडी : लेसर किरणाच्या साहाय्याने माहिती नोंदविता येईल अशी कोरी प्रकाशीय तबकडी. तिचा व्यास १२ सेंमी. व जाडी १·२ मिमी. असून तिच्या एका थरात ४·७ गिगाबाइट माहिती मावते. नोंद करण्याच्या क्रियेस बोलीत ‘राइट करणे’ किंवा ‘बर्न करणे’ असे म्हणतात. एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात महाराष्ट्रातील घरगुती समारंभ, भजन-कीर्तने, विद्यार्थ्यांचे प्रकल्प व लहान संस्थांची दप्तरे यांच्या असंख्य नोंदी अशा तबकड्यांवर झाल्या. त्यांपैकी पुष्कळ नोंदी स्वस्त तबकडी व लॅपटॉप संगणकातील लेखनयंत्र यांचा मेळ न बसल्यामुळे सदोष राहिल्या. हा दोष एकट्या तबकडीचा किंवा एकट्या यंत्राचा क्वचितच असतो. कोरी तबकडी ही अपुरी वस्तू असून तिची घडण लेखनाच्या क्षणी यंत्राकडूनच पूर्ण होते. या माध्यमाचे यश व अपयश या एका गोष्टीत साठविलेले आहे.

रचना : चित्रपटाच्या छापील तबकडीवरील खळगे कारखान्यातच साच्याने उमटविलेले असतात. लेखनक्षम तबकडीत त्यांच्या जागी सर्पिल खोबण असलेला पॉलिकार्बोनेटाचा थर, त्यावर कार्बनी रंजकद्रव्याचा पातळ लेप व त्यामागे धातूचा परावर्तक थर असतो. प्रत्येकी ०·६ मिमी. जाडीचे दोन अर्ध एकमेकांस चिकटवून तबकडी तयार होते. लेसरच्या उष्णतेने रंजकद्रव्यात कायमचा बदल होऊन परावर्तन कमी झालेले ठिपके निर्माण होतात व वाचताना तेच खळग्यांचे काम करतात. सीडीसाठी ७८० नॅमी. तरंगलांबीचा लेसर वापरतात, तर डीव्हीडीसाठी ६५० नॅमी. तरंगलांबीचा. सीडीवरील लगतच्या दोन मार्गांतील अंतर १·६ मायक्रोमीटर असते. डीव्हीडीवर ते केवळ ०·७४ मायक्रोमीटर असते. साहजिकच सीडीवर खपून जाणारी उणीव डीव्हीडीवर खपत नाही.

इतिहास : फिलिप्स व सोनी या कंपन्यांनी विकसित केलेली सीडी १९८२ मध्ये जपानच्या बाजारात आली. एकदा लिहिता येणाऱ्या सीडीच्या विकासात ताइयो यूडेन या जपानी कंपनीचा मोठा वाटा होता. डीव्हीडीची विक्री १९९६ मध्ये जपानमध्ये सुरू झाली व पुढील वर्षी पायोनियर कंपनीने ३·९५ गिगाबाइट क्षमतेची लेखनक्षम डीव्हीडी आणली. मात्र उत्पादकांत एकमत राहिले नाही. ‘वजा’ चिन्हाची डीव्हीडी–आर व २००२ मध्ये आलेली ‘अधिक’ चिन्हाची डीव्हीडी+आर असे दोन प्रकार बाजारात शेजारी-शेजारी विकले जाऊ लागले. प्रारंभीची यंत्रे बहुधा एकाच प्रकारावर लिहीत; त्यामुळे ग्राहकाने चुकीच्या चिन्हाची तबकडी आणल्यास ती निरुपयोगी ठरे. दोन्ही प्रकारांवर लिहिणारी यंत्रे २००२ पासून मिळू लागली आणि हा पहिला घोळ हळूहळू मिटला. दुसरा, अधिक सूक्ष्म घोळ मात्र शिल्लक राहिला.

भारतात १९८३ मध्ये स्थापन झालेल्या मोझर बेअर या कंपनीने प्रथम फ्लॉपी तबकड्या व १९९९ पासून लेखनक्षम सीडी तयार केल्या. पुढे लेखनक्षम डीव्हीडीचेही उत्पादन करून ती जगातील या क्षेत्रातील मोठ्या उत्पादकांत गणली गेली. नोएडा व ग्रेटर नोएडा येथे तिचे कारखाने होते. तैवानमधील उत्पादकांचा मालही मोठ्या प्रमाणावर येत असे. किंमती उतरत गेल्या तशी तबकडी तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली व ५० किंवा १०० तबकड्यांची चळत, वेष्टनावाचून, सुटी विकली जाऊ लागली. सुट्या मालावर उत्पादकाचे नाव नसे. असलेच तर ते खरे असेल याची खात्री नसे.

मेळ न बसण्याची कारणे : प्रत्येक रंजकद्रव्यास किती शक्तीचा व किती वेळाचा लेसर स्पंद लागतो हे वेगवेगळे असते. म्हणून तबकडीवर कारखान्यातच उत्पादकाचा संकेतांक नोंदविलेला असतो. डीव्हीडी–आरमध्ये तो खोबणींमधील खाचांत, तर डीव्हीडी+आरमध्ये खोबणीच्या नागमोडी वळणांत असतो. लेखनयंत्र हा संकेतांक वाचते व आपल्या अंतर्गत आज्ञावलीतील यादीतून त्या तबकडीस योग्य अशी लेखनपद्धती निवडते. त्यानंतर तबकडीच्या आतील कडेजवळील राखीव भागात चाचणी घेऊन लेसरची शक्ती निश्चित करते. संकेतांक यादीत नसेल, तर यंत्र सर्वसाधारण पद्धतीने लिहिते किंवा तबकडी नाकारते. काही स्वस्त तबकड्यांवर दुसऱ्याच नामांकित उत्पादकाचा संकेतांक आढळे. अशा वेळी यंत्र निःशंकपणे चुकीची पद्धत वापरी.

लॅपटॉपमधील यंत्राच्या मर्यादांमुळे ही अडचण वाढली. त्याची जाडी १२·७ मिमी. व पुढे ९·५ मिमी. इतकीच असे. मेजावरील संगणकातील यंत्राच्या तुलनेने त्याची चौकट हलकी व चलित्र लहान असते. किंचित वाकलेल्या किंवा असमतोल तबकडीची थरथर सावरणे त्यास कठीण जाते. यूएसबी २·० जोडणीतून ५ व्होल्ट दाबाला ५०० मिलिअँपियर, म्हणजे २·५ वॉट, एवढीच शक्ती मिळते. त्यामुळे बाहेरून जोडावयाच्या पातळ यंत्रांना पुष्कळदा दोन जोडण्या द्याव्या लागत.

परिणाम : तबकडी मुळीच न ओळखली जाणे, शक्तिचाचणी अयशस्वी होणे, लेखन मध्येच थांबणे हे दोष तत्काळ दिसतात व त्यांत केवळ तबकडी वाया जाते. खरे नुकसान लेखन यशस्वी झाल्याचा संदेश मिळूनही नोंद दुबळी राहिल्यास होते. तबकडीवर चुका दुरुस्त करणारी सांकेतिक माहितीही लिहिलेली असते व सलग आठ गटांत २८० पर्यंत चुका प्रमाणानुसार चालतात. चुका या मर्यादेच्या बऱ्याच पलीकडे गेल्या, तरी लिहिणारे यंत्र तबकडी कदाचित वाचते. दूरचित्रवाणीस जोडलेले दुसरे यंत्र मात्र अडखळते. लेखन आतून बाहेर होते आणि तबकडीचा वाकडेपणा व लेपाची विषमता बाहेरच्या कडेस अधिक असते. त्यामुळे पूर्ण भरलेल्या तबकडीवर लग्नाचे चित्रमुद्रण असेल, तर बहुधा अखेरचा पाठवणीचा भागच प्रथम अडकू लागतो.

हवामानाचाही यात वाटा आहे. रंजकद्रव्य उष्णता, आर्द्रता व सूर्यप्रकाश यांनी बिघडते. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव हे गजानन महाराजांच्या समाधीमुळे तीर्थक्षेत्र असून १९८३ पासून तेथे अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. अशा गावांत पालखी-उत्सवाच्या, समारंभांच्या व विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांच्या नोंदी सारख्याच निगुतीने जपल्या जातात. परंतु शेगाव–अकोला पट्ट्यात उन्हाळ्यात तापमान ४४°–४५° से. पर्यंत चढते. पत्र्याच्या छपराखालील कपाटात ठेवलेल्या, मुळात दुबळ्या लिहिल्या गेलेल्या तबकडीस असे काही उन्हाळे पुरेसे होतात.

उपाय व जतन : यंत्राच्या अंतर्गत आज्ञावलीची सुधारित आवृत्ती बसविणे, मध्यम वेग निवडणे, लेखनानंतर पडताळणी करणे व कागदी लेबल न चिकटविणे हे उपाय प्रचलित होते. वेग अगदी कमी ठेवणे नेहमीच हितावह नसते. जलद लेखनासाठी बनविलेल्या रंजकद्रव्यावर मंद लेखन उलट अधिक सदोष होऊ शकते.

ताइयो यूडेनने २०१५ अखेर तबकड्यांचे उत्पादन बंद केले. मोझर बेअरच्या अवसायनाचा आदेश २०१८ मध्ये निघाला. नव्या लॅपटॉपांतून हे यंत्र जवळजवळ नाहीसे झाले आहे व जुन्या यंत्रांसाठी आज्ञावलीच्या सुधारित आवृत्त्या निघत नाहीत. त्यामुळे एका यंत्रावर न वाचली जाणारी तबकडी निकामी समजून टाकून देणे योग्य नव्हे; निराळ्या बनावटीच्या, विशेषतः मेजावरील संगणकातील यंत्रावर ती पुष्कळदा वाचता येते. वाचता येताच तिच्यावरील नोंद दोन स्वतंत्र साधनांवर उतरवून ठेवणे इष्ट असते. हे काम जितके लांबेल तितकी चालू स्थितीतील यंत्रे कमी होत जातील. आणि एका पिढीचे घरगुती व स्थानिक दप्तर तबकडी हाती असूनही वाचता येणार नाही.