टोल घ्यायचा नाही, या अटीवर झालेला रस्ता

मुंबईत माहीमहून वांद्र्याला जाताना खाडीवरचा जो रस्ता लागतो, तो मुळात एका बाईच्या पैशातून झालाय. तेव्हा तिथे होडीशिवाय सोय नव्हती आणि पावसाळ्यात तर जीव मुठीत धरूनच जावं लागे. कंपनी सरकारने पैसे द्यायला नकार दिला. मग जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई पुढे आल्या. १८४१ ला काम सुरू झालं, १८४५ ला रस्ता खुला झाला. अंदाज लाखाचा होता, खर्च गेला १ लाख ५७ हजारांवर. वरचे पैसेही बाईंनीच दिले. (ही संपत्ती चीनशी चाललेल्या अफूच्या व्यापारातून आलेली होती, तेही सांगायला हवं.) सरकारला अट एकच : इथे कुणाकडूनही टोल घ्यायचा नाही.

आता कोल्हापूरला या. शहरातले जवळपास ५० किलोमीटर रस्ते 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' तत्त्वावर एका कंपनीला दिले. प्रकल्प २२० कोटींचा, वसुली ३० वर्षं, वर टेंबलाईवाडीचा भूखंड. म्हणजे भाजी आणायला निघालेल्या माणसाने स्वतःच्याच गावात टोल भरायचा! एन. डी. पाटील, गोविंद पानसरे रस्त्यावर उतरले. जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटले. जाळपोळीचं समर्थन मी करत नाही, पण लोक इतके का चिडले हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही. २०१५ च्या शेवटी टोल गेला. कंपनीची भरपाई मात्र सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातूनच.

कुणी म्हणेल, रस्ता कंपनीच्या मालकीचा थोडाच होता? बरोबर, सातबारा सरकारचाच राहतो. विकला जातो तो वसुलीचा हक्क. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचंच बघा. २००४ मध्ये ९१८ कोटी आगाऊ घेऊन १५ वर्षांची वसुली दिली. २०१९ ला मुदत संपली. टोल संपला नाही. २०२० मध्ये ८,२६२ कोटींचा नवा करार झाला, २०३० पर्यंतचा.

आपल्याकडेही उद्या एखादा पूल 'खासगी सहभागातून' येईल. भूमिपूजनाचे फ्लेक्स लागतील, नारळ फुटेल. तेव्हा नेत्यांना दोनच गोष्टी विचारा : करार किती वर्षांचा, आणि तो मराठीत वाचायला कुठे मिळेल?