महाडच्या बाजारातलं सूप

आमच्या शिवथर खोऱ्यात बाजार म्हटला की महाड. एका गावाच्या नावातच 'कसबे' आहे, कसबे शिवथर. तरी सुपापासून कोयत्यापर्यंत सगळ्याला महाडच गाठावं लागे. कारणही जुनं. महाड वसलंय सावित्री-गांधारीच्या संगमाजवळ. बाणकोटच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर माल वर यायचा, घाटावरचा माल वरंधा घाट उतरून बैलांच्या पाठीवर यायचा. दोन वाटा भेटल्या तिथे पेठ वाढली. रायगडावरच्या बाजारपेठेची आता नुसती जोती उरलीत. खालची पेठ मात्र चालत राहिली.

मिरगाआधी खरेदीची घाई असे. लावणीला इरली, तांदूळ धुवायला रोवळी, कोंबड्यांना डालगं, कोयता नि तो कमरेला अडकवायची आकडी. आजी सूप उजेडाकडे धरून बघायची. म्हणायची, "वीण सैल आसंल तर दाणं गळत्यात. घाई करू नको, आन् फार भाव पन पाडू नको. बोटं कापत्यात त्यांची." घरी आणल्यावर सुपाला शेणाचा हात द्यायचा, वाळवायचं, मग त्यात पहिलं भात पाखडायचं.

ते सूप थेट चुलीपाशी जाई. रोवळीतला तांदूळ देवाच्या नैवेद्याला चाले. कातडं मढवलेला ढोल पालखीपुढे वाजे. पण ज्यांच्या हातून या वस्तू घडत, त्यांतल्या कित्येकांना उंबऱ्याबाहेर उभं राहावं लागे. वस्तूला विटाळ नव्हता, हाताला होता. जुनी माणसं सांगत, पैसेसुद्धा वरून टाकायचे, हाताला हात लागू नये म्हणून.

याच महाडात चवदार तळं आहे. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत, असा ठराव सीताराम केशव बोले यांनी 1923 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर करून घेतला. महाडच्या नगरपालिकेनेही 1924 साली तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. कागद झाला, पण पाणी मिळालं नाही. मार्च 1927 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली इथे परिषद भरली, तेव्हा जमलेल्या हजारो माणसांसाठी 40 रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. तळं समोर, आणि पाणी विकत! 20 मार्चला ती माणसं तळ्यावर गेली, ओंजळीने पाणी प्याली. परतताना त्यांच्यावर लाठ्या चालल्या, आणि मागाहून तळं 'शुद्ध' करून घेतलं गेलं. तळ्यावरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयात कायम व्हायला 1937 उजाडलं.

आता बाजारात प्लास्टिकची सुपं आलीत. ती कुजत नाहीत, शेणाचा हातही मागत नाहीत. जुलै 2021 च्या महापुरात पेठ पाण्याखाली गेली नि पुन्हा उभी राहिली, पण वेळूच्या मालाची जागा आक्रसतच चाललीय. शहरातल्या प्रदर्शनात तेच सूप 'हस्तकला' म्हणून भिंतीला टांगतात, चांगला भावही देतात. देऊ देत. आमच्याकडे ते अजून भात पाखडायलाच लागतं. महाडला गेलात तर एक घ्या. उजेडाकडे धरून वीण बघा, आणि पैसे हातात द्या.