भावाला तारीख असते

बेगम बाजारातली ही आठवण बरेच दिवस लिहायची होती. परवा नातू म्हणाला, "आजोबा, सध्या प्राइस मास्टरवर काम करतोय," आणि मला १९९३ सालचे मुनीमजी आठवले.

तेव्हा मी बँकेत कॅश क्रेडिटची खाती बघायचो. त्यात पितळी भांड्यांचे एक व्यापारी होते. नुकताच कॉम्प्युटर घेतलेला, कुणाकडून तरी प्रोग्राम लिहून घेतलेला. दिवाळीआधीच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये २,००० किलो माल ९५ रुपयांनी धरला होता, खरेदीची बिलं मात्र ८० ची. म्हणजे १,६०,००० चा माल कागदावर १,९०,००० चा. २५ टक्के मार्जिन सोडलं तरी उचल २२,५०० नी जास्त. विक्रीची जुनी बिलं पुन्हा छापून मागवली, तर तीही गिऱ्हाइकांच्या प्रतींशी जुळेनात! मी शेरा मारला, "स्टॉक फुगवला आहे", आणि ऐन सणात उचल थांबवली.

दुसऱ्या दिवशी मुनीमजी वह्यांचं गाठोडं घेऊन हजर. "साब, चोरी नहीं है. माल वही है, भाव की तारीख अलग है."

झालं होतं असं, की प्रोग्राममध्ये वस्तूच्या नावापुढे भावाचा एकच रकाना होता. नवा भाव टाकला की जुना पुसला जायचा, आणि शिल्लक माल काय, जुनी बिलं काय, सगळं नव्या भावानं निघायचं. वहीत मात्र प्रत्येक भावापुढे तिथी आणि घाऊक की किरकोळ ते लिहिलेलं. सर्वांत जुनी वही निझामाच्या काळातली. तिच्यात हाली आणि कलदार असे दोन रकाने! तरुणांसाठी सांगतो, हाली म्हणजे निझामाचा रुपया आणि कलदार इंग्रजांचा. ७ हालीचे ६ कलदार. म्हणजे १०० कलदारला ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. मग १९५७ च्या एप्रिलात नवे पैसे आले, १९५८ पासून शेर जाऊन किलो येऊ लागला. नुसतं "पितळ, भाव ३" लिहिलं असतं तर कोणता रुपया, कसलं माप, काय कळणार होतं?

नातवानं त्याची रचना दाखवली, ती या वहीचीच. वस्तूच्या यादीत नाव आणि माप, भाव नाही. भावाची यादी वेगळी : वस्तू, गिऱ्हाइकाचा प्रकार, कधीपासून लागू, किती. भाव बदलला की नवी ओळ, जुनी तशीच राहते. आणि बिलात त्या दिवशीचा भाव उतरवून ठेवायचा, पुन्हा यादीत शोधायला जायचं नाही. शिवाय शिल्लक मालाची किंमत खरेदीच्या भावानं, विक्रीच्या नाही (हे आम्ही बी.कॉम.लाच शिकलो होतो). १९८६ साली बंगळुरूत गोयंका पितापुत्रांनी सुरू केलेल्या टॅलीतही भावाच्या यादीला लागू होण्याची तारीख असते, घाऊक-किरकोळचे वेगळे स्तर असतात. २०१७ ला जीएसटी आला तेव्हा कराच्या दरालाही तेच लागलं. जूनचं बिल जुलैत छापलं तरी त्यावर जूनचाच कर हवा ना.

मी शेरा खोडला, शेजारी सही केली. पण उचल पुन्हा सुरू करायला वरच्या ऑफिसची मंजुरी लागायची. ती आली तोवर धनत्रयोदशी होऊन गेली होती.